प्रॉडक्शन इंजिनिअरिंग: कंपनीचं नाव नंतर, खातं आधी

प्रॉडक्शनला प्रवेश घेतला की घरचे, शेजारचे सगळे एकच विचारतात, "म्हणजे मेकॅनिकलच ना?" पहिलं वर्ष तसंच जातं: ड्रॉइंग, मेकॅनिक्स आणि वर्कशॉपमध्ये कानशीने पट्टी घासून काटकोनात आणणं. फरक नंतर कळतो. मेकॅनिकलवाला बघतो, हा शाफ्ट (मशीनमधला फिरणारा दांडा) तुटेल का? आपण बघतो, असे तीनशे शाफ्ट एका पाळीत, एकसारखे आणि परवडतील अशा खर्चात कसे निघतील?

आठ तासांच्या पाळीतून जेवण-चहाचा अर्धा तास काढला की ४५० मिनिटं उरतात. ३०० नग हवे असतील तर दर ९० सेकंदांना एक नग बाहेर पडायला हवा. लाईनवरचं एक मशीन जरी ११० सेकंद घेत असलं, तर बाकीची कितीही पळवा, पाळीअखेर २४५च नग हातात येतात. मग फीड (कापताना टूल पुढे सरकण्याचा वेग) वाढवायचा, टूल (कापणारं हत्यार) बदलायचं, जॉब (मशीनवरचा नग) बांधण्या-सोडण्याचा वेळ वाचवायचा की थोडं काम पुढच्या मशीनवर ढकलायचं? पगार मिळतो तो याचं उत्तर शोधण्याचा.

त्यामुळे मेट्रॉलॉजी (मोजमापाचं शास्त्र) आणि जिग्ज-फिक्श्चर्स (नग ठरल्या जागी पकडून ठेवणारी साधनं) हे विषय परीक्षेपुरते करू नका. मुलाखतीत हमखास विचारतात: २५ एच७चं (२५ मिमी व्यासाचं, एच७ या ठरावीक मर्यादेतलं) भोक कसं तपासाल? मर्यादा २५.००० ते २५.०२१ मिमी, आणि नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी, जवळपास त्या मर्यादांमधल्या फरकाएवढाच. म्हणजे व्हर्नियरचं नाव घेतलंत की पुढचे प्रश्न तिखट होतात. लाईनवर तिथे गो-नो गो प्लग गेज लागतो (एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये). ऑपरेशन्स रिसर्च (गणित वापरून नियोजन करण्याचा विषय) रटाळ वाटेल, पण प्लॅनिंगला गेलात तर तोच कामाला येतो.

पहिली नोकरी बहुतेकदा ट्रेनी सुपरवायझरची. तीन पाळ्या, रोज कोणीतरी गैरहजर, आणि आकडा पुरा झाला नाही तर सकाळच्या मीटिंगमध्ये बोलणी. हे वर्षभर जरूर करा, ऑपरेटर आणि सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) जे शिकवतात ते वर्गात मिळत नाही. पण तिथेच रुतू नका. चाकणच्या बड्या कंपनीत नुसती हजेरी आणि नग मोजण्यापेक्षा भोसरीच्या किंवा कोल्हापूरकडच्या शिरोलीच्या मध्यम कारखान्यात फिक्श्चर बनवायला मिळत असेल, तर मी तिकडे जा म्हणेन. सुरुवातीला पगार कमी, बस-कँटीनची चैन नाही. पण दुसरी नोकरी बदलताना सांगण्यासारखं काम हाती असतं. टूल रूम (जिथे फिक्श्चर आणि डाय म्हणजे साचे बनतात), प्रोसेस (नग कसा बनवायचा ते ठरवणारं), क्वालिटी ही खाती मागून घ्यावी लागतात, आपणहून कोणी देत नाही.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा हात मशीनवर आधीच बसलेला असतो. टूल-डायचीच आवड असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा डिप्लोमा बघा. पुढे शिकायचं तर एमटेक प्रवेशाच्या गेट परीक्षेला 'प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल' असा स्वतंत्र पेपर आहे. मॅनेजमेंटकडे वळायचं तर पवईची जुनी नीटी २०२३पासून आयआयएम मुंबई झाली आहे. तिथे कॅट द्यावी लागते. सरकारी भरतीत मात्र जाहिरातीतली शाखांची यादी नीट वाचा. नुसतं 'मेकॅनिकल' लिहिलेलं असेल तर फी भरण्याआधी आपली शाखा चालते का ते विचारून घ्या.