डिझेल गाडीत सिंथेटिक ऑइल घालताना या चुका टाळा

बेळगावच्या कुठल्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एकच मागणी पुन्हा पुन्हा कानावर येते: "फुल्ली सिंथेटिक द्या, चांगल्यातलं." बोलणं तिथेच संपतं. गाडी बीएस४ की बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचे जुने आणि नवे नियम), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे का, मॅन्युअलमध्ये कुठला नंबर दिलाय, यातलं काहीच कोणी विचारत नाही. 'सिंथेटिक' या शब्दावरून तेल कशापासून बनवलंय याचा अंदाज येतो. ते तुमच्या इंजिनाला चालेल का, हे त्या शब्दावरून समजत नाही. ते डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि नेमकं तेच वाचायचा कंटाळा केला जातो.

बीएस६ गाडीत जुन्या गाडीचं तेल

ही चूक सर्वांत महाग पडते आणि आपल्या भागात सर्वांत जास्त होते. कारण साधं आहे. घरात ट्रॅक्टर असतो, ट्रॅक्टरसाठी आणलेली १५डब्ल्यू-४० (तेलाच्या जाडीचा नंबर) सीआय-४ प्लसची (एपीआय या अमेरिकन संस्थेने ठरवलेला डिझेल तेलाचा दर्जा) २० लिटरची बादली शेडमध्ये पडून असते. नवी पिकअप सर्व्हिसला आली की मालक म्हणतो, "घाला ओ हेच, डिझेलचंच हाय, काय होत नाही."

बेळगावच्या बाजारातून गोव्याला जाणाऱ्या भाजीच्या गाडीचं उदाहरण घ्या. पहाटे माल भरायचा, जांबोटीवरून चोर्ला उतरायचा, दुपारनंतर रिकामी गाडी घाट चढून परत. महिन्याला पाच-साडेपाच हजार किलोमीटर. गाडी बीएस६, डीपीएफवाली, आणि प्रत्येक सर्व्हिसला तेल त्याच बादलीतलं. वर्षभर खरंच काही होत नाही, म्हणून मालकाचा विश्वास वाढतो. दीड वर्षाच्या सुमारास डीपीएफचा दिवा लागायला लागतो. सुरुवातीला दिवा आपोआप जातो, मग जात नाही. शेवटी भरल्या गाडीचा जोर कमी पडतो आणि ऐन चढावर गाडी ओढेना होते. स्कॅनर लावून फोर्स्ड रीजन (फिल्टरमधली काजळी मुद्दाम जाळून टाकणं) करतात, दोन दिवसांत दिवा परत येतो. पुन्हा रीजन, पुन्हा दिवा. मग सेन्सर बदलतात, इंजेक्टर काढून बघतात. तेलाकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

आतलं कारण असं. डीपीएफमध्ये दोन गोष्टी साठतात, काजळी आणि राख. काजळी सहाशे अंशांच्या आसपास जळून जाते, रीजन म्हणजे तेच. राख जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांच्या मिश्रणांतून. डब्याच्या माहितीपत्रकात 'सल्फेटेड अ‍ॅश' म्हणून टक्केवारी दिलेली असते. सीआय-४ प्लस तेलात ती साधारण दीड टक्क्याच्या आसपास असते. एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संस्था) सी२, सी३ दर्जाच्या तेलात ०.८ टक्क्याची वरची मर्यादा आहे, एपीआय सीके-४ मध्ये १ टक्क्याची.

हिशेब करून बघा. चांगलं इंजिनसुद्धा दहा हजार किलोमीटरला लिटरभर तेल खाऊ शकतं. लाखभर किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे वजनाने पावणेनऊ किलोच्या जवळपास. दीड टक्क्याने सव्वाशे ग्रॅमच्या वर राख, ०.८ ने सत्तर. हा फरक डीपीएफच्या जाळीदार विटेच्या बारीक भोकांत जाऊन बसतो आणि कितीही रीजन केलं तरी निघत नाही. फिल्टर उतरवून यंत्रावर साफ करून घ्यायचा, नाहीतर नवा बसवायचा.

१ एप्रिल २०२० नंतर नोंदणी झालेली डिझेल गाडी असेल तर आधी मॅन्युअल उघडा. सी२, सी३ किंवा सीके-४ यांपैकी जे लिहिलंय तेच घ्या, आणि कंपनीचा स्वतःचा मंजुरी नंबर दिला असेल तर डब्यावर तो शोधा. नंबर नाही, तर डबा परत ठेवा. ट्रॅक्टरची बादली ट्रॅक्टरलाच चांगली.

"तेल कमी होत नाही, उलट वाढतंय"

हे आनंदाने सांगणारे लोक भेटतात तेव्हा काळजी वाटते. इंजिनात तेल कधीच वाढत नाही. तेल मोजायच्या पट्टीवरची (डिपस्टिकवरची) पातळी वर गेली म्हणजे आत दुसरं काहीतरी मिसळलंय, आणि डीपीएफवाल्या गाडीत ते बहुधा डिझेल असतं.

रीजनसाठी लागणारी उष्णता मिळवायला बऱ्याच इंजिनांत सिलेंडरमध्ये उशिरा, जास्तीचं डिझेल फवारलं जातं. त्यातलं काही भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांच्या खाली उतरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, जातं. रीजन पूर्ण झालं तर हे प्रमाण थोडं राहतं. पण कॅम्प ते शहापूर, शहापूर ते टिळकवाडी, मुलांची शाळा, बाजार, एवढ्याच चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर रीजन सुरू होतं, अर्ध्यात चावी बंद होते आणि पुढच्या फेरीला परत सुरू होतं. राखेने भरलेल्या फिल्टरमध्येही तेच घडतं, सारखं रीजन. वरच्या भाजीच्या गाडीत पट्टी काढून बघितली असती तर तेल मॅक्सच्या वर दिसलं असतं आणि वास डिझेलचा आला असता. असं पातळ झालेलं तेल मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या शाफ्टला सांभाळू शकत नाही. म्हणून फिल्टरच्या पाठोपाठ टर्बो जातो.

पट्टी आठवड्याला एकदा बघा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. मॅक्सच्या वर दिसली तर किलोमीटर मोजत बसू नका, तेल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. शहरातच गाडी फिरत असेल तर आठवड्यातून एकदा निपाणीच्या बाजूला हायवेवर पाऊण तास एका लयीत चालवा. वरचं तेल थोडं काढून पातळी जमवायचा उपाय काही जण सांगतात. तो करू नका, पातळ झालेलं तेल आतच राहतं.

दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३०, म्हणून दोन्ही सारखे?

नाहीत. १५० अंशांवर, बेअरिंगच्या दाबाखाली तेल किती जाड राहतं हा वेगळा आकडा आहे, त्याला एचटीएचएस म्हणतात. सी२ मध्ये तो किमान २.९, सी३ मध्ये किमान ३.५. सी३ मागणाऱ्या इंजिनात सी२ घालून भरल्या गाडीने घाट चढणं म्हणजे बेअरिंगवर बेतणारं आहे.

उलटी चूकही आहे: "ओझ्याची गाडी, जाड तेल घाला." १.३ मल्टिजेटसारख्या (फियाटचं छोटं डिझेल) इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्याच दाबावर चालतो. सकाळी जाड तेल वर पोचेपर्यंत चेन सैल खडखडत राहते. तेल वेळेवर बदललं नाही तर ही खडखड आणखी लवकर सुरू होते.

आणि 'थंडीसाठी ०डब्ल्यू हवं' हा हट्ट सोडा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं ते सांगतो, आकडा कमी तितकं पातळ. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही तेवढी थंडी कुठे असते?

बाकीच्या चुका

सिंथेटिक आहे म्हणून वीस हजार किलोमीटर चालवू नका. घाट, ओझं, उसाच्या हंगामातली धूळ, कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास चालू ठेवलेलं इंजिन, हे सगळं मॅन्युअलच्या भाषेत 'सिव्हिअर' वापर आहे. अशा गाडीला निम्म्या अंतरावर तेल बदललेलं बरं.

तेल काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये ते काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं, काजळी पकडून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ दिसलं तर मात्र गाडी तिथेच थांबवा, पाणी शिरलंय.

मॅन्युअलमधला लिटरचा आकडा बघून डबा एकदम ओतू नका. आधी अर्धा लिटर कमी घाला, दोन मिनिटं इंजिन चालवून बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी बघून बाकीचं थोडंथोडं.

वाटेत तेल कमी पडलं आणि नेमका ब्रँड मिळाला नाही तर त्याच ग्रेडचं, त्याच स्पेसिफिकेशनचं दुसरं तेल घाला. मिनरल आणि सिंथेटिक मिसळल्याने तेल फाटत नाही. कमी तेलावर गाडी पुढे नेणं जास्त धोक्याचं.

रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा. तोच डबा पुन्हा भरून विकला जातो.

पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला महागडं सिंथेटिक घालून पैसे घालवू नका. चांगलं १५डब्ल्यू-४० सीआय-४ वेळच्या वेळी बदला, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर प्रत्येक वेळी नवा टाका.