सशांमधील गजकर्ण : उपचार आणि फैलाव रोखण्याची पद्धत

सशाच्या नाकाशेजारी, पापणीच्या कडेला, कानाच्या बुडाशी किंवा पुढच्या पायाच्या बोटांवर केस गळून गोलसर चट्टा दिसू लागला आणि त्यावर पांढुरकी-पिवळसर खपली धरली, तर गजकर्णाची शंका घ्यावी आणि औषध शोधण्याआधी त्या सशाला वेगळ्या पिंजऱ्यात, शक्यतो वेगळ्या खोलीत हलवावे. सशांमध्ये हा रोग बहुतांशी ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफाइट्स या बुरशीमुळे होतो. मांजरांमध्ये अधिक आढळणारी मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशीही कधीकधी कारण ठरते. चट्ट्याची खपली सैल झाली की तिच्यासोबत केसांचा लहानसा झुबका निघून येतो, खाली लालसर कातडी दिसते आणि कडेचे केस कातडीलगत तुटलेले आढळतात. या तुटक्या केसांत आणि खपल्यांत बुरशीचे बीजाणू असतात, आणि कोरड्या जागी ते कित्येक महिने तग धरतात. म्हणूनच केवळ चट्ट्याला मलम लावून रोग आटोक्यात येत नाही. गळालेल्या केसांचा बंदोबस्त करणे हे उपचाराइतकेच महत्त्वाचे आहे.

केस गळण्याची कारणे इतरही आहेत. खरजेत खाज तीव्र असते, तर गजकर्णात ती बेताची असते किंवा नसतेही. व्यायला आलेली मादी घरट्यासाठी स्वतःच्या छातीचे आणि पोटाचे केस उपटते, पण तिथली कातडी स्वच्छ असते. बुरशी शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अतिनील प्रकाशाच्या वूड दिव्याखाली ट्रायकोफायटॉन चमकत नाही, त्यामुळे दिव्याखाली काहीच दिसले नाही एवढ्यावरून ससा निरोगी समजू नये. खात्रीसाठी पशुवैद्यकाकडून केस व खपल्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि बुरशीचे कल्चर (नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची चाचणी) करून घ्यावे. कल्चरचा निकाल यायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात, पण तोवर विलगीकरण सैल करू नये. ज्या सशांवर चट्टे नाहीत, त्यांच्या अंगावरून नवा, निर्जंतुक टूथब्रश फिरवून नमुना घेता येतो. वरून धडधाकट दिसणारे ससेही बीजाणू वाहत असतात, आणि एकापाठोपाठ एक ससा आजारी पडत राहण्यामागे पुष्कळदा असाच एखादा वाहक असतो.

उपचारासाठी चट्ट्याभोवतीचे केस बोथट टोकाच्या कात्रीने हळूच कमी करावेत. सशाची कातडी अतिशय पातळ असते आणि चटकन फाटते, त्यामुळे केस अगदी कातडीलगत कापण्याचा अट्टहास नको. केस जुन्या कागदावर पाडून कागदासकट नष्ट करावेत. मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोलचे मलम पशुवैद्यकाच्या सल्ल्याने चट्ट्याच्या कडेबाहेरही थोडे पसरून लावावे आणि ससा ते चाटणार नाही याची काळजी घ्यावी. स्टेरॉइड मिसळलेली मलमे टाळावीत, कारण त्यांनी लाली उतरते आणि बुरशी मात्र वाढत राहते. सशाला पाण्यात बुडवून आंघोळ घालू नये. त्याने त्याला प्रचंड ताण येतो आणि अंगातील उष्णता झपाट्याने कमी होते. चट्टे अनेक असतील तर इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन पोटातून द्यावे लागते, मात्र मात्रा सशाच्या वजनावरून पशुवैद्यकानेच ठरवावी. ग्रिसियोफुल्विन हे बुरशीविरोधी औषध गाभण मादीला कधीही देऊ नये, कारण त्याने गर्भात व्यंग निर्माण होते. किडे असावेत या समजुतीने फिप्रोनिल हे कीटकनाशक तर मुळीच वापरू नये. ते सशांसाठी विषारी आहे. मांसासाठी पाळलेल्या सशांना कोणतेही औषध देण्यापूर्वी ते वापरण्याची परवानगी आहे का आणि त्यानंतर किती दिवस मांस वापरता येत नाही, हे विचारून घ्यावे.

नवे केस उगवले म्हणून उपचार थांबवणे ही सर्वांत महागात पडणारी घाई होय. काही आठवड्यांच्या अंतराने केलेली दोन कल्चर निर्दोष आल्यावरच औषध बंद करावे आणि सशाला कळपात परत सोडावे.

पिंजऱ्याची सफाई करताना ससे आधी बाहेर काढावेत. कोरडा झाडू मारल्यास केस हवेत उडतात, म्हणून ते ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने गोळा करावेत, मग साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग घासून धुवावा आणि त्यानंतरच दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळलेले द्रावण दहा मिनिटे ओले राहील असे लावून स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावे. मळ तसाच राहिला तर ब्लीचचा उपयोग होत नाही. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये. लाकडाच्या भेगांत केस अडकून राहतात, त्यामुळे लागण झालेल्या लाकडी घरटी-पेट्या नष्ट करणेच श्रेयस्कर.

ससेपालनात रोग प्रामुख्याने दूध तुटण्याच्या वयाच्या पिल्लांत दिसतो आणि मादीच्या आचळांभोवतीच्या कातडीवरून तो पिल्लांकडे जातो, तेव्हा पिल्लांवर चट्टे दिसताच आईचीही तपासणी करावी आणि तिला उपचार पूर्ण होईपर्यंत फळवू नये. चारा-पाणी देताना निरोगी सशांपासून सुरुवात करून आजारी ससे सर्वांत शेवटी हाताळावेत. नवीन आणलेला ससा किमान तीन ते चार आठवडे वेगळा ठेवावा.

हा रोग माणसालाही होतो, म्हणून हातमोजे आणि वेगळे कपडे वापरावेत आणि लहान मुलांना तसेच रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आजारी सशाजवळ जाऊ देऊ नये. हातावर किंवा मानेवर लालसर, कडा उठलेला गोल चट्टा आल्यास डॉक्टरांना घरात आजारी ससा असल्याचे आवर्जून सांगावे.