इसे जिंगूला जाताय? मग आधी गेकू, नंतर नाइकू

इसे जिंगू हे जपानमधलं शिंतो देवस्थान, त्यातली दोन मुख्य देवळं म्हणजे गेकू (बाहेरचं) आणि नाइकू (आतलं). बरेच जण डायरेक्ट नाइकूला जातात, कारण सूर्यदेवी आमातेरासुचं मंदिर तिथंय. पण जुनी रीत अशी की आधी गेकू, म्हणजे अन्नाची देवी तोयोउके हिचं दर्शन, मग बसने नाइकू. नागोयाहून किन्तेत्सु ट्रेनने साधारण दीड तासात इसेशी स्टेशन येतं, तिथून गेकू चालत जवळच.

तोरीपाशी, म्हणजे देवस्थानाच्या प्रवेशाच्या कमानीपाशी, थोडं वाकून आत जायचं आणि रस्त्याच्या मधोमध चालायचं नाही, मधली वाट देवाची. गेकूत डावीकडून, नाइकूत उजवीकडून चालतात. मग हात धुवायच्या पाण्याच्या टाकीवरच्या पळीने आधी डावा हात, मग उजवा धुवायचा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची, पळीला तोंड लावू नका प्लीज. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. मुख्य मंदिराच्या पायऱ्यांपासून वर फोटो काढायचे नाहीत.

आता इतिहास, आणि मला हेच सगळ्यात भारी वाटतं. देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवीन बांधतात, ही पद्धत ६९० सालापासूनची, मध्ये युद्धांच्या काळात शंभरहून जास्त वर्षं खंड पडला होता पण पुन्हा सुरू केली, २०१३ ला ६२वी वेळ झाली, पुढची २०३३ ला. त्यामुळे सुतारकाम पिढीकडून पिढीकडे जिवंत राहतं. जुनं लाकूडही वाया जात नाही, नाइकूच्या प्रवेशापाशी असलेल्या उजी पुलाच्या तोरी जुन्या देवळांच्या खांबांच्याच आहेत, हात लावून बघा. गेकूतलं सेंगूकान म्युझियम नक्की करा, तिथं देवळाचा एक भाग खऱ्या मापात उभा केलाय, आत कुंपणापलीकडून जे दिसत नाही ते तिथं जवळून बघता येतं.