पुण्यात मूल दत्तक घ्यायचंय? नोंदणी, वेटिंग आणि सोबतीची माणसं

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की संस्थेत जाऊन बाळं बघायची आणि त्यातलं एक पसंत करायचं, असं आता काही नसतं. सगळं कारा, म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या केअरिंग्स या वेबसाइटवरून (पोर्टलवरून) चालतं, तुम्ही कोथरूडला राहा नाहीतर भोरला, नोंदणी तिथेच आणि नंबरही तिथेच. आणि कोणी सांगितलं ना की "आमच्या ओळखीच्या हॉस्पिटलात एक मुलगी आहे, आई ठेवू शकत नाहीये, थेट घेऊन जा", तर कितीही जीव तुटला तरी नाही म्हणा. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असं मूल घेतल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि मूलही परत काढून घेतलं जाऊ शकतं. बालकल्याण समिती म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती, तिच्यासमोर मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला 60 दिवस मिळतात, तो तिचा हक्क आहे आणि तो डावलून आपलं घर भरायचं हे मला तरी पटत नाही. अशा बाळाबद्दल कळलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता तुम्ही बसता का बघा. जोडपं असेल तर लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांची संमती हवी. मूल आणि आई-बाबा यांच्यात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत पाहिजे, चार वर्षांपर्यंत 90, आठ वर्षांपर्यंत 100 आणि त्यापुढे 110. एकटी बाई मुलगा-मुलगी कोणालाही दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. ज्यांना आधीच दोन मुलं आहेत त्यांना फक्त विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशीच मुलं घेता येतात.

कागदपत्रं नेहमीचीच, फोटो, पॅन, जन्माचा आणि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरचं सर्टिफिकेट. अडतं ते बहुतेक लग्नाच्या सर्टिफिकेटपाशी, खूप जणांनी ते काढलेलंच नसतं, तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आधीच जाऊन या, कारण नोंदणी केल्यावर कागद अपलोड करायला 30 दिवसच मिळतात.

मग होम स्टडी. सोशल वर्कर घरी येतात म्हटल्यावर लोक पडदे बदलतात, सोफा नवीन आणतात, अहो त्याची काही गरज नाही! त्या बघतात तुमचं दोघांचं एकमेकांशी कसं आहे, मूल न होण्याचं दुःख असेल तर त्यावर तुम्ही बोलू शकता का, आजी-आजोबा तयार आहेत का. म्हणून त्या दिवशी सासू-सासरे, आई-बाबा जे कोणी सोबत राहतात त्यांना घरी थांबवा आणि त्यांच्याशी त्याआधीच मोकळं बोलून घ्या. "कोणाचं असेल, जात कुठली असेल" हे प्रश्न आपल्याकडे येतातच, ते मूल घरात आल्यावर त्याच्यासमोर येण्यापेक्षा आत्ता येऊ देत. रिपोर्ट तीन वर्षं चालतो.

त्यानंतर वेटिंग, आणि खरा कस इथे लागतो. लहान, निरोगी बाळ हवं असेल तर तीन वर्षं आणि त्याहून जास्तही लागतात, कारण वाट बघणारी जोडपी खूप आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं कमी. रोज उठून पोर्टलवर नंबर बघत बसलात तर झोप उडेल. त्यापेक्षा या काळात माणसं जोडा असं मी कळकळीने सांगेन. पुण्यात ससून हॉस्पिटलजवळचं, सोफोश या संस्थेचं श्रीवत्स हे बालसंगोपन केंद्र आहे, भारतीय समाज सेवा केंद्र आहे, दोन्ही जुन्या संस्था, दत्तकाचं काम वर्षानुवर्षं करतायत. समुपदेशनाबद्दल विचारा, पालकांचे गट कुठे भेटतात ते विचारा. आणि ज्यांचं मूल आता दहा-बारा वर्षांचं आहे अशा आईबापांशी बोलाच, कारण नुकतं बाळ आलेले लोक फक्त आनंद सांगतात.

थोड्या मोठ्या मुलाचा विचारही याच काळात करून बघा, सहा-सात वर्षांची मुलंही घराची वाट बघत असतात. फॉस्टर केअर हाही वेगळा रस्ता आहे, त्यात मूल कायद्याने तुमचं होत नाही, बालकल्याण समितीच्या आदेशाने तुमच्या घरी वाढतं, त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. 2024 च्या नव्या गाइडलाइन्सप्रमाणे 35 वर्षांपुढच्या एकट्या व्यक्तीलाही ते करता येतं, आणि ते मूल दत्तकासाठी मोकळं असेल तर दोन वर्षांनंतर दत्तकही घेता येतं.

नंबर आला की मुलाचा फोटो आणि मेडिकल रिपोर्ट दिसतो, 48 तासांत रिझर्व्ह करायचं असतं. त्यामुळे आपला बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा, रात्री अकराला फोन केला तरी उचलेल असा. रिझर्व्ह केल्यापासून 30 दिवसांत मुलाला भेटून स्वीकारायचं. मग मूल दत्तकपूर्व संगोपनात, म्हणजे दत्तकाचा आदेश येण्याआधीच, घरी येतं, आणि 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पैसे फक्त ठरलेल्या फीचे, संस्थेच्या खात्यात, पावती घेऊन. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर भेटायला येतात. त्यांना घाबरू नका, मूल रात्री दचकतं, ताटातलं लपवून ठेवतं, तुम्हाला आई म्हणत नाही, सगळं त्यांना सांगा, त्यांनी असं खूप पाहिलेलं असतं. आणि आईलाही कधीकधी लगेच माया वाटत नाही, रडू येतं, तेही सांगा.

मुलाला दत्तक आहे हे कधी सांगायचं, असं सगळे विचारतात. पहिल्या दिवसापासून. बाळाला काही कळत नसतं तेव्हाच मांडीवर घेऊन त्याच्या येण्याची गोष्ट सांगायला लागा, म्हणजे तुमची जीभ सरावते आणि त्याला "कळलं" असा दिवसच येत नाही. शेजारच्या काकूंकडून किंवा लग्नात कुठल्यातरी मामांकडून कळलं तर ते मूल तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाही. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात, लहानपणीचे फोटो मागतात, तर ॲडमिशन झाल्यावर क्लासटीचरशी मुलाला विचारून, त्याला चालेल तेवढंच बोला.