कुमारांसाठी अद्भुत कादंबरी लिहिताना

साधारण १२ ते १८ वयोगटासाठी अद्भुतरम्य कादंबरी लिहायची असेल, तर जादूच्या आधी तिची किंमत ठरवावी. दिवा पेटवण्यासाठी नायिकेला दर वेळी एक आठवण गमवावी लागत असेल, तर अंधाऱ्या भुयारात धाकट्या भावाचा हात धरून उभी असताना ती कोणती आठवण सोडते, यातूनच तिचा स्वभाव वाचकाला उमगतो. वेगळ्या वर्णनाची गरज उरत नाही. हा नियम शेवटच्या प्रकरणात सोयीसाठी मोडू नये, कारण या वयाचे वाचक अशी फसवणूक चटकन ओळखतात आणि, माझ्या मते, ती सहजासहजी माफ करत नाहीत. कल्पित जगाचे नकाशे, पात्रांच्या वंशावळी बेताच्याच असाव्यात. निर्णायक पाऊल मात्र मोठ्यांनी नव्हे, तिनेच उचलावे, आणि ते चुकले तर त्याची झळही तिलाच बसू द्यावी.