ऑडिट फर्ममध्ये इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

सीनियर घाईत असतो. लॅपटॉपवरून नजर न काढता तो सांगतो, "ही पुरवठादारांच्या बाक्यांची यादी घे, लेजरशी जुळवून बघ, फरक निघाला तर सांग." नवा इंटर्न मान डोलावतो, "हो, समजलं." दीड दिवस डोकं खपवल्यावर लक्षात येतं की यादी सप्टेंबरअखेरची होती आणि लेजर (खातेवही) डिसेंबरअखेरचं. मी इंटर्न असताना हे माझ्याच बाबतीत घडलं. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या मुलामुलींच्या बाबतीतही पाहिलं, थोड्याफार फरकाने तसंच.

इंटर्न चुकतात ते अभ्यास कमी पडतो म्हणून, असं बाहेरून वाटतं. तसं क्वचितच असतं. कॉलेजात उत्तरपत्रिका तपासली गेली की विषय संपतो. फर्ममध्ये तुमचा कागद आधी सीनियर वाचतो, मग मॅनेजर, आणि त्यावर विसंबून पार्टनर अहवालावर सही करतो. आपल्यामागून कोणीतरी हे वाचणार आहे, याचा विसर पडला की खाली दिलेल्या बहुतेक चुका आपोआप होतात.

"समजलं" म्हणण्याची घाई

काम घेतल्यावर ते आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे डिसेंबरअखेरच्या बाक्या घ्यायच्या, प्रत्येक फरकाचं कारण लिहायचं, आणि उद्या दुपारपर्यंत द्यायचं, बरोबर?" यादी चुकीची असेल तर ती इथेच उघडी पडते. मागच्या वर्षीचा हाच कागद कुठे सापडेल, हेही लगे हात विचारून घ्या.

अडलात तर वीसेक मिनिटं स्वतः झटा, मग विचारा. दर पाच मिनिटांनी खांद्यावर टकटक करणारा इंटर्न नको वाटतो, पण संध्याकाळपर्यंत गप्प बसणारा त्याहून महागात पडतो. प्रश्न साठवून तीन-चार एकदम विचारले की सीनियरही नीट उत्तरं देतो.

मागच्या वर्षीचा कागद मात्र बघण्यापुरताच. त्याची नक्कल करून फक्त आकडे बदलायच्या सवयीला ऑडिटवाल्यांत "सॅली" म्हणतात, 'सेम ॲज लास्ट इयर' याचं लघुरूप. धंदा बदललेला असतो, खातं बंद झालेलं असतं, आणि निष्कर्षात मात्र जुनंच वाक्य.

"तपासलं" म्हणजे काय तपासलं?

माझ्या पहिल्या वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे केलेल्या तपासणीची नोंद ठेवायच्या कागदात, चाळीस नोंदींसमोर मी बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली लिहिलं, "सर्व व्हाउचर तपासले." मॅनेजरने एकच विचारलं: रक्कम तपासली, तारीख, मंजुरीची सही, की इन्व्हॉइसवरचं नाव? मला आठवेना. चाळीसही व्हाउचर पुन्हा काढावे लागले.

आंतरराष्ट्रीय ऑडिट मानक 230 ची अपेक्षा अशी आहे की त्या ऑडिटशी आधी काहीही संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला नुसता कागद वाचून काम समजलं पाहिजे. म्हणून चार गोष्टी हव्यातच: हे काम कशासाठी, आकडे कुठून घेतले, नेमकं काय केलं आणि काय निघालं. टिक मार्क वापरत असाल तर प्रत्येक खुणेचा अर्थ त्याच कागदावर लिहा.

तपासणीसाठी निवडलेल्या नमुन्यातली एक चूक तर इतक्या सहज होते की तिला चूक म्हणायलाही इंटर्न तयार नसतो. पंचवीस व्हाउचर निवडलेत, एक सापडत नाही. क्लायंटचा अकाउंटंट म्हणतो, "त्याच्या शेजारचं घ्या की." आणि इंटर्न घेतो! न सापडलेलं व्हाउचर हीच तर खरी बातमी. ते रद्द झालेलं असेल आणि तसा पुरावा असेल, तर बदली नमुना घेता येतो. नुसतं सापडत नाही म्हणून बदलायचं नाही. तसं लिहा आणि सीनियरला सांगा.

खात्यातली बाकी रक्कम बरोबर आहे ना, याची खातरजमा करणाऱ्या पत्रांचंही असंच. बँकेला किंवा ग्राहकाला जाणारं पत्र ऑडिटरच्या ताब्यातून निघतं आणि उत्तर थेट ऑडिटरकडे येतं. "मी मागवून तुम्हाला फॉरवर्ड करतो," असं क्लायंटकडून कोणी म्हणालं की काम वाचल्यासारखं वाटतं, पण त्या उत्तराला पुरावा म्हणून फारशी किंमत उरत नाही. 2020 मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही कंपनी कोसळली, तेव्हा फिलिपिन्समधल्या बँकांत असल्याचं सांगितलेले 1.9 अब्ज युरो तिथे नव्हतेच. बँकेचं उत्तर कोणाच्या हातून आलं याला एवढं महत्त्व का, हे त्यावरून कळावं.

एक्सेल गुपचूप काय करतं

फरक निघत असेल तर आधी जुनी युक्ती लावा. फरकाला 9 ने निःशेष भाग जातो का बघा. जात असेल तर कुठेतरी शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेल्याचा दाट संशय. 5,840 च्या जागी 5,480 लिहिलं तर फरक 360 येतो, म्हणजे 9 गुणिले 40. भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. 1,250 ची नोंद जमेऐवजी नावे पडली की फरक 2,500 चा येतो. तेही नसेल तर फरकाइतकीच रक्कम शोधा, ती एकाच बाजूला नोंदवली गेली असेल.

हे सगळं करूनही जुळत नसेल तर एक्सेलकडे संशयाने बघा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेले आकडे पुष्कळदा मजकूर म्हणून बसतात. दिसायला आकडे, पण 'सम' हे बेरजेचं सूत्र त्यांना मोजत नाही. अंक सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसले की समजा. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंकच जपतं, त्यामुळे 16 अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो. तो कॉलम आधीच मजकूर म्हणून ठेवा. तारखांत दिवस आणि महिना अदलाबदल होतात, आणि तारीख 1 ते 12 मधली असेल तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये 65,536 ओळींपुढे जागाच नसते. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास 16,000 कोविड रुग्णांच्या नोंदी याच जुन्या फाइलप्रकारामुळे काही दिवस मोजणीतून सुटल्या होत्या.

म्हणून फाइल हातात आली की पहिल्यांदा ओळींची संख्या आणि एकूण बेरीज ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या तक्त्याशी) जुळवा. कामाला हात त्यानंतर.

चॅटबॉटचा मोह

क्लायंटचं लेजर सार्वजनिक चॅटबॉटमध्ये चिकटवणं म्हणजे ते फर्मबाहेर देणंच. फर्मने मंजूर केलेलं साधन असेल तरच, आणि नियम विचारूनच. दुसरा धोका उत्तराचा. न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि 2023 मध्ये त्यांना 5,000 डॉलर दंड झाला. नियम किंवा मानकाचा क्रमांक लिहिण्याआधी मूळ मजकूर उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

थोडक्यात आणखी काही

क्लायंटकडे कागद एकेक करून मागू नका. यादी एकदाच करा. तुमच्यासाठी तो प्रोजेक्ट असला तरी समोरच्याला आपलं रोजचं काम सांभाळून तुम्हाला कागद द्यायचे असतात. लिफ्टमध्ये क्लायंटचं नाव घेऊ नका. तुमच्याकडे किंवा घरच्यांकडे क्लायंट कंपनीचे शेअर असतील तर फर्मला आधीच सांगा. ऑडिटरचे क्लायंटमध्ये हितसंबंध नसावेत यासाठीचे स्वातंत्र्याचे नियम इंटर्नलाही लागू होऊ शकतात.

फर्मच्या सक्तीच्या चाचण्यांची उत्तरं मित्राकडून घेणं हे कॉलेजातल्यासारखं हसण्यावारी जात नाही. ईवाय या बड्या ऑडिट फर्मच्या कर्मचाऱ्यांनी परीक्षांत नकला केल्या, त्यातही नीतिमत्तेच्या परीक्षेत, म्हणून 2022 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने त्या फर्मला 10 कोटी डॉलर दंड केला.

टाइमशीटबद्दल मात्र दोन शब्द जास्त. सहा तासांचं काम अकरा तासांत झालं की इंटर्न लाजेने सहाच लिहितो. पुढच्या वर्षीचा अंदाज त्या सहावर बांधला जातो आणि तुमच्यानंतर येणारा रात्री जागतो. अकरा लिहा, कारण सांगा.

चूक झालीच तर

कागद सीनियरकडे गेल्यावर चूक दिसली, तर गुपचूप फाइल उघडून दुरुस्त करू नका. त्याने जुनी प्रत वाचून मॅनेजरला पाठवलेली असू शकते. त्याच दिवशी सांगा, आणि सांगताना तीन गोष्टी हातात ठेवा: काय चुकलं, त्यामुळे आणखी कुठले कागद बदलतील, आणि दुरुस्तीला किती वेळ लागेल. एवढ्या तयारीनिशी आलेल्या इंटर्नवर ओरडणारा सीनियर मी तरी फार पाहिला नाही. ओरडला तरी पाच मिनिटं. रेव्ह्यू नोट्सचा, म्हणजे तुमचा कागद वाचून वरच्यांनी काढलेल्या शंकांचा, ढीग आला तरी मनाला लावून घेऊ नका. अशा नोट्स मॅनेजरलाही पार्टनरकडून येतात.

शेवटच्या आठवड्यात अर्धवट कामांची यादी लिहून द्या: काय झालं, काय बाकी, कोणाच्या उत्तराची वाट बघतोय. आणि आठवण म्हणून एकही फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, नुसता टेम्प्लेटसुद्धा नाही. बायोडेटामध्ये क्लायंटचं नाव न लिहिता "उत्पादन क्षेत्रातल्या कंपनीच्या साठ्याची आणि पुरवठादारांच्या बाक्यांची तपासणी" एवढं लिहिलं तरी मुलाखत घेणाऱ्याला पुरेसं कळतं.