पॅच बसला, मग आवृत्ती तीच कशी?

बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री असो, निपाणीतलं अडत दुकान असो की खानापूरकडची पतसंस्था. ‘कॉम्प्युटरचं बघणारा’ म्हणून लागलात की आधी दुसऱ्यानं लिहून ठेवलेलंच सांभाळावं लागतं. क्लासमध्ये पीएचपी, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकवतात. पण खुद्द पीएचपीतच सुरक्षेचं भोक सापडलं तर काय करायचं, हे कामावरच कळतं.

नव्या पोरांचा घोळ होतो तो आवृत्तीवरून. उबुंटू २२.०४ या लिनक्समध्ये पीएचपी ८.१.२ येतं. ऑडिटवाले त्यावर ‘जुनी आवृत्ती’ असा लाल शेरा मारतात, मालक घाबरतात आणि पोरगं सगळ्यात नवं पीएचपी बसवायला धावतं. मग जुनं बिलिंग बंद पडतं. उबुंटू आणि डेबियन (तेही लिनक्सच) वाले सहसा मूळ आवृत्ती बदलत नाहीत. नव्या आवृत्तीतली फक्त सुरक्षेची दुरुस्ती, म्हणजे पॅच, उचलून जुन्या कोडला लावतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. म्हणून ८.१.२ तसंच दिसतं, वाढतो तो त्यामागचा उबुंटूचा आकडा. कुठला सीव्हीई, म्हणजे नंबर देऊन जाहीर केलेलं भोक, कधी बुजवला, हे ‘एपीटी चेंजलॉग’मध्ये नोंदलेलं असतं (एपीटी म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअर टाकायचं, अपडेट करायचं साधन). मी तीच पानं छापून ऑडिटवाल्यांच्या हातात ठेवतो.

विंडोजवर झॅम्प (पीएचपी, वेब सर्व्हर, डेटाबेस एकत्र देणारा संच) टाकून चालवणारे आपल्याकडे पुष्कळ. तिथं एपीटी नाही, सगळं हातानं. सीव्हीई-२०२४-४५७७ आठवा: २०१२ साली पीएचपी-सीजीआयचं (वेब सर्व्हरनं पीएचपी चालवायची एक पद्धत) एक भोक बुजवलं होतं, पण विंडोजच्या काही भाषांच्या मांडणीत ‘सॉफ्ट हायफन’ हे अक्षर साध्या हायफनमध्ये बदलतं. तेवढ्या फटीतून बाहेरचा माणूस पीएचपीला हायफननं सुरू होणारे हवे ते पर्याय देऊ शकत होता. दुरुस्ती ८.१.२९, ८.२.२० आणि ८.३.८ मध्ये आली. तेव्हा ८.० किंवा त्याहून जुन्यावर असलेल्यांना काहीच मिळालं नाही, कारण त्या आवृत्त्यांची मुदत आधीच संपली होती. उबुंटूलाही मुदत असते, २०.०४ ची नेहमीची पाच वर्षं २०२५ मध्ये संपली.

अपडेट झालं म्हणजे काम झालं, असंही नाही. पायथॉनचा एखादा प्रोग्रॅम महिनोन् महिने चालू असेल, तर तो मेमरीतला जुनाच इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्रॅम) वापरत राहतो. कुठल्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते ‘नीडरीस्टार्ट’ सांगतं. आणि पिपनं (पायथॉनचं लायब्रऱ्या टाकायचं साधन) टाकलेल्या लायब्रऱ्यांना एपीटी हात लावत नाही, त्या वेगळ्या बघाव्या लागतात.

राहिले मालक. ‘चालतंय नव्हं? मग कशाला हात लावायलास?’ हे ऐकावं लागणारच. वाद घालू नका. बॅकअप घ्या, रविवारी करा, पगाराच्या आठवड्यात टाळा. अपवाद ४५७७ सारख्या, बाहेरून थेट आत शिरता येणाऱ्या भोकाचा. तेव्हा काउंटरवर कन्नड-मराठीत ‘सर्व्हर अर्धा तास बंद’ अशी पाटी लावायची आणि भरदिवसा काम उरकायचं.